‘खोल मुळांचे झाड’ या कोरियन मालिकेचा शेवट

ऐतिहासिक नाट्याच्या कर्त्यापुढे एक अडचण कायम उभी असते. कथेचा शेवट काय होणार हे प्रेक्षक घरूनच ठरवून आलेला असतो. कोरियाच्या एस. बी. एस. वाहिनीवरून २०११ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात चोवीस भागांत दाखविल्या गेलेल्या ‘पुरी गिफुन नामु’ म्हणजे ‘खोल मुळांचे झाड’ या मालिकेच्या बाबतीत ही अडचण पराकोटीची होती. चोसन राजवंशाचा राजा सेजोंग (राज्यकाल १४१८–१४५०) याने प्रजेसाठी अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी घडविली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली, ही गोष्ट कोरियातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. किंबहुना तो ती त्याच लिपीत वाचतो. लिपी जाहीर होईल की नाही, या प्रश्नावर उत्कंठा टिकविणे अशा स्थितीत शक्यच नव्हते. किम योंग-ह्योन व पाक सांग-योन या लेखकद्वयाने हा भार दप्तरात नोंद नसलेल्या माणसांवर टाकला, आणि मालिकेच्या शेवटाचे बलाबल या निवडीतूनच उत्पन्न झाले आहे.

ही माणसे मुख्यतः तीन. कांग छे-युन हा मूळचा दासपुत्र. वाचता न आलेल्या एका पत्रापायी बापाला मुकलेला, आणि राजाचा सूड घेण्यासाठी राजवाड्यात शिरलेला. सो-ई ही त्याची बालपणची सखी. त्याच आघाताने तिची वाचा गेली, परंतु एकदा पाहिलेले ती विसरत नाही. तिसरा जोंग गी-जुन. खाटकाच्या वेषात वावरणारा हा विद्वान ‘मिल्बोन’ म्हणजे ‘गुप्त मूळ’ या संघटनेचा प्रमुख आहे. राजा हे केवळ फूल, राज्याचे मूळ म्हणजे विद्वान मंत्री, असा या संघटनेचा सिद्धांत. मालिकेच्या नावातील मुळाशी त्याचा विरोध उघड आहे.

शेवटच्या भागांत मिल्बोनला लिपीचे विवरण, ‘हेर्ये’, नष्ट करावयाचे असते. तेव्हा असे उघडकीस येते की विवरणाचा ग्रंथ असा नाहीच. सो-ईची स्मृती हाच तो ग्रंथ. विषारी बाण लागलेली सो-ई मरण्यापूर्वी ते सर्व आपल्या वस्त्रावर लिहून ठेवते. या कल्पनेमागे एक खरी घटना उभी आहे. विवरणाचा मूळ ग्रंथ शतकानुशतके दृष्टीआड होता. त्याची प्रत १९४० मध्ये आन्दोंग परिसरात मिळाली व संग्राहक जोन ह्योंग-फिल यांनी ती विकत घेऊन जपली. तोवर या अक्षरांच्या उगमाविषयी नाना तर्क लढविले जात. कोणी त्यांना खिडकीच्या जाळीवरून आलेली म्हणत, तर कोणी त्यांचे मूळ भारतीय लिपींत शोधीत. ग्रंथ हाती आल्यावर कळले की मूळ व्यंजनचिन्हे उच्चारणाऱ्या अवयवांच्या आकृती आहेत: ‘ग’साठी घसा अडविणारे जिभेचे मूळ, ‘न’साठी टाळूस टेकलेले जिभेचे टोक, ‘म’साठी मुख. (आपल्या शिक्षाग्रंथांतील स्थानविचार बौद्ध विद्येबरोबर चीनमध्ये गेला आणि तेथील ध्वनिशास्त्राच्या द्वारे सेजोंगपर्यंत पोहोचला, एवढा भारताशी संबंध मात्र खरा. स्थानाचे चित्रच अक्षर करावे ही कल्पना त्याची स्वतःची.) लिपी शिल्लक आणि तिचे रहस्य हरवलेले, ही इतिहासातील अवस्था मालिकेने एका मरणाऱ्या स्त्रीच्या देहात आणून ठेवली. पटकथेतील ही सर्वांत समर्थ कल्पना होय.

लिपी जाहीर करण्याच्या समारंभात छे-युन मारेकऱ्याशी झुंजून प्राणांतिक जखमी होतो आणि लोकांपर्यंत अक्षर पोहोचलेले पाहत मरतो. हा प्रसंग प्रभावी असला तरी सरळ आहे. मालिकेचा खरा शेवट त्यानंतर येतो. जखमी जोंग गी-जुन राजासमोर येतो आणि दोघे बोलत बसतात. अक्षर मिळाले म्हणून प्रजा सुखी होईल काय, अक्षरानेच तिला फसविता येणार नाही काय, हा त्याचा सवाल. त्यावर राजा विजयाची भाषा करीत नाही. लोक फसतील हे तो मान्य करतो. ते कधी हरतील, कधी जिंकतील, परंतु झगडत राहतील, एवढेच त्याचे उत्तर. हान सोक-क्यू या नटाने हे उत्तर थकलेल्या, अर्धवट स्वतःशीच बोलणाऱ्या माणसाच्या स्वरात दिले आहे, आणि ते तसेच असावयास हवे होते.

हा वाद लेखकांनी हवेतून आणलेला नाही. १४४४ मध्ये चोए मान-री व त्याच्या सहकाऱ्यांनी राजाला विरोधाचे निवेदन दिले. चीनच्या संस्कृतीपासून दूर जाऊन रानटी जमातींच्या पंक्तीस बसणे हा त्यातील मुख्य आक्षेप म्हणून नेहमी सांगितला जातो. तथापि त्यात न्यायाविषयीचा एक मुद्दा आहे. जबानी लोकांच्या भाषेत लिहिली गेली तर निरपराध्यास शिक्षा होणार नाही, असे राजपक्षाचे म्हणणे होते. चीनमध्ये तर बोली व लेखन एकच आहे, तरीही तेथे अन्याय होतोच. न्याय तुरुंगाधिकाऱ्याच्या गुणावर अवलंबून असतो, लिपीवर नव्हे, असे निवेदनकर्त्यांनी उत्तर दिले. या आक्षेपाला सहज उडवून लावता येत नाही. गी-जुनच्या तोंडचा अखेरचा सवाल त्याचीच वाढ आहे. दप्तरातील सेजोंगने वर्णशास्त्रातील ज्ञानाचा दाखला देऊन विरोधकांना गप्प केले. मालिकेतील सेजोंग ऐकून घेतो. हा बदल इतिहासाला सोडून असला तरी मूळ आक्षेपाला अधिक न्याय देणारा आहे.

या शेवटात एक दोष मात्र राहतो. ज्यांच्यासाठी अक्षर घडले त्या वर्गाचे दोन्ही मुख्य प्रतिनिधी मरतात आणि त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्यास राजा उरतो. नोंद नसलेल्या माणसांना कथेअखेर पुन्हा नोंदीबाहेर पाठविणे लेखकांना सोयीचे होते, परंतु त्यामुळे सहानुभूतीचा मोठा वाटा सिंहासनाकडे जातो. छे-युन जिवंत राहून एखादी सामान्य चिठ्ठी लिहिता, तर इतिहासाचे काहीच बिघडले नसते.

समारोपात मिल्बोनचा एक दुय्यम माणूस आपले खरे नाव सांगतो: हान म्योंग-हे. कोरियन प्रेक्षकाला याहून अधिक सांगण्याची गरज नसते. याच हान म्योंग-हेच्या साह्याने सेजोंगचा पुत्र सुयांग याने १४५३ मध्ये सत्ता बळकावली व १४५५ मध्ये तो सिंहासनावर बसला. विवरणग्रंथाच्या कर्त्यांपैकी सोंग साम-मुन व पाक फेंग-न्योन हे १४५६ मध्ये पदच्युत राजाला पुन्हा गादीवर बसविण्याच्या कटात सापडून प्राणास मुकले, आणि ज्या विद्वत्सभेत तो ग्रंथ लिहिला गेला तीही त्याच वर्षी बंद करण्यात आली.