प्रयोगशाळेंतील स्वयंचलित यंत्रें

रक्त तपासून घेण्याची पाळी बहुतेकांवर केव्हांना केव्हां येतेच. रक्ताची लहानशी नळी प्रयोगशाळेंत जाते व कांहीं तासांनीं आंकड्यांनीं भरलेला कागद आपल्या हातीं पडतो. त्या कागदावर विसंबूनच डॉक्टर औषधाचें प्रमाण ठरवितात. मोठ्या प्रयोगशाळांतून हें काम आतां बव्हंशीं यंत्रेंच करतात. तीं कशीं चालतात, व तीं निर्माण करणाऱ्या मेकॅट्रॉनिक्स इंजिनिअरचा व्यवसाय कोणत्या स्वरूपाचा असतो, हें विद्यार्थिमित्रांस थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

'मेकॅट्रॉनिक्स' हा शब्द जपानांतील यास्कावा कंपनीचे इंजिनिअर तेत्सुरो मोरी यांनीं १९६९ सालीं बनविला. यंत्रविद्या व इलेक्ट्रॉनिक्स यांचा तो संयोग होय. पुढें त्यांत संगणकशास्त्राचीहि भर पडली. शरीराची उपमा द्यावयाची तर हाडें व स्नायु हा यंत्रविद्येचा भाग, ज्ञानेंद्रियें व मज्जातंतु हा इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि या सर्वांस शिस्त लावणारी बुद्धि ही संगणकाची.

पूर्वीं प्रत्येक नमुना हातानें मोजावा लागे. कांचेच्या पिपेटनें द्रव तोंडानें ओढून घेण्याचीहि चाल होती. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील जीवरसायनज्ञ लेनर्ड स्केग्ज यांनीं यावर एक सुंदर युक्ति काढली. एकाच बारीक नळींतून अनेक रुग्णांचे नमुने एकामागून एक वाहूं द्यावयाचे, व प्रवाहांत ठराविक अंतरानें हवेचे बुडबुडे सोडावयाचे. बुडबुडा नळीची आंतली बाजू पुसत जाई व पुढल्या द्रवास मागल्यांत मिसळूं देत नसे. १९५७ सालीं टेक्निकॉन कंपनीनें हें यंत्र 'ऑटोअ‍ॅनालायझर' या नांवानें बाजारांत आणलें.

आजच्या यंत्रांत नळीऐवजीं यांत्रिक हात व सुई असते. पाण्याचा एक थेंब सुमारें ५० मायक्रोलिटर भरतो. पुष्कळशा तपासण्यांस मात्र २ ते १० मायक्रोलिटरच पुरतात. इतकें सूक्ष्म माप कसें साधतें? समजा, एका स्टेपर मोटारीची एक फेरी २०० पावलांची आहे, व तिला जोडलेला स्क्रू एका फेरींत दट्ट्यास २ मिलिमीटर पुढें नेतो. म्हणजे एका पावलास दट्ट्या ०.०१ मिलिमीटर सरकेल. दट्ट्याच्या छेदाचें क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर असल्यास दर पावलास ०.१ मायक्रोलिटर द्रव हालेल. हा थेंबाचा पांचशेवा भाग झाला! शाळेंत शिकविलेल्या घनफळाच्या गणिताहून यांत अधिक कांहीं नाहीं.

परंतु सुई द्रवापर्यंत पोंचली हें यंत्रास कळावें कसें? सुईचें टोंक द्रवास लागतांच तिची विद्युत्धारकता बदलते. हा बदल ओळखून मोटार थांबते. पण वर फेंस असल्यास तोच द्रव वाटण्याचा संभव असतो, व रक्ताची गुठळी सुईंत अडकल्यास माप चुकतें. म्हणून ओढतांना नळींतील दाबहि सतत पाहिला जातो. नंतर नमुन्यांत रासायनिक द्रव्य मिसळून तें मिश्रण शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस, उष्णतेवर ठेवतात. त्यांतून प्रकाश सोडून किती शोषला गेला यावरून साखर वा युरिया यांचें प्रमाण काढतात.

इंजिनिअरचा खरा कस लागतो तो संकटांचा आधीं विचार करण्यांत. एका रुग्णाच्या नमुन्याचा लेश सुईस चिकटून राहिला तर दुसरा निरोगी माणूस रोगी ठरेल. म्हणून प्रथम अतितीव्र व लगेच शुद्ध नमुना घेऊन सुई नीट धुतली जाते कीं नाहीं याची परीक्षा करतात. माप बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यास सूक्ष्म तराजूवर पाणी सोडून तें पुनःपुनः तोलतात. १ मायक्रोलिटर पाण्याचें वजन सुमारें १ मिलिग्रॅम भरतें. मध्येंच वीज गेली तर? नोकरानें झांकण उघडलें तर? मोटारीचें एक पाऊल चुकलें तर? अशा प्रत्येक 'तर'चें उत्तर यंत्र विकण्यापूर्वीं शोधून ठेवावें लागतें.

या विद्येंतील मुख्य नियम हा कीं, शंका आल्यास यंत्रानें आंकडा देऊं नये. 'नमुना पुन्हां पाहा' असें सांगावें. उशिरा मिळालेल्या उत्तरानें खोळंबा होतो, पण चुकीच्या उत्तरानें प्राणावर बेतूं शकतें. त्याची सूचना मिळाल्यावर निर्णय घेणारा तज्ज्ञ प्रयोगशाळेंत लागतोच. यंत्रानें त्याचे श्रम हलके केले, जबाबदारी नव्हे.

ज्यांस या व्यवसायाची आवड असेल त्यांनीं गणित, पदार्थविज्ञान व रसायन या तिन्ही विषयांकडे सारखेंच लक्ष द्यावें. पालकांसहि विनंति कीं, मुलानें जुनें घड्याळ वा पंप खोलला तर रागावूं नये. तो पुन्हां जोडून चालता करावयास मात्र अवश्य सांगावें. खोलण्यानें कुतूहल भागतें, पण जोडण्यानें विद्या येते.