दवाखाना थाटण्यापूर्वीचे गणित

वैद्यकीय महाविद्यालयात आपण रोग्याची नाडी पाहावयास शिकतो; जमाखर्चाची वही पाहावयास कोणी शिकवीत नाही. ऐकावयास कटू वाटले तरी दवाखाना हा एक लहानसा व्यवसायच आहे. मिसरोद परिसरात दवाखाना काढू इच्छिणारे तरुण व्यवसायबंधू सल्ल्यासाठी येतात, तेव्हा मी प्रथम विचारतो, भांडवल कोणाचे? पुष्कळदा ते वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीचे असते. अशा पैशाबाबत हात थोडा आखडताच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेपासून आरंभ करू. समोर बसथांबा आहे म्हणून जादा भाडे कबूल करू नये. २०१३ साली मिसरोद ते बैरागढ अशी बीआरटीएस मार्गिका सुरू झाली आणि २०२४ मध्ये ती काढण्यास प्रारंभही झाला! शेजारच्या मंडीदीपच्या कारखान्यांतील कामगारांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हेही पाहावे की, त्यांतील अनेकांना कर्मचारी राज्य विमा योजनेखाली उपचार मिळतात. आपला रुग्ण खरोखर कोण, हे चार संध्याकाळी त्या भागात हिंडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता आकडे. समजा, भाडे २०,००० रुपये, पगार ३६,०००, वीज ६,००० आणि कर्जाचा हप्ता १८,०००. म्हणजे रुग्ण येवो न येवो, दरमहा ८०,००० रुपये जाणारच. तपासणी शुल्क २०० रुपये आणि प्रत्येक रुग्णामागे साहित्याचा खर्च ४० रुपये धरल्यास हाती १६० उरतात. महिन्यास ५०० रुग्ण, म्हणजे पंचवीस दिवस रोज वीस रुग्ण आले, तर केवळ तोंडमिळवणी होते. यात डॉक्टरांच्या घरखर्चाचा एक रुपयाही धरलेला नाही. पहिल्या महिन्यापासून वीस रुग्ण येतील असे मानणे धाडसाचे होय. म्हणूनच किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूस ठेवल्याखेरीज फर्निचरची ऑर्डर देऊ नये.

यंत्रसामग्रीच्या बाबतीत दोन गोष्टी दृष्टीआड होतात. वैद्यकीय सेवेवर सामान्यतः जीएसटी नाही. त्यामुळे यंत्रावर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. तो खर्च किमतीतच धरावा. दुसरे असे की, १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यान्वये नोंदणी नसलेल्या केंद्रास सोनोग्राफी यंत्र विकताच येत नाही. कर्ज आधी उचलले आणि नोंदणी रेंगाळली, तर व्याज मात्र थांबत नाही.

मध्य प्रदेशात १९७३ च्या उपचर्यागृह अधिनियमाखालील नोंदणी आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांखालील प्राधिकारपत्र, ही दोन्ही कामे उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वीची आहेत. खाटा नसलेल्या दवाखान्यासही प्राधिकारपत्र लागते. कचरा उचलणाऱ्या सामाईक केंद्राशी करार करून त्याचे मासिक शुल्क वरील ८०,००० रुपयांत मिळवावे आणि रुग्णसंख्या पुन्हा काढावी.