सातासमुद्रांपलीकडील सासर

अमेरिकेंतील मुलाचें स्थळ सांगून आलें, म्हणजे आपल्या घरांतून पत्रिका, शिक्षण व पगार यांची कसून चौकशी होते; परंतु ज्या कायद्याच्या दारांतून मुलीस त्या देशांत जावयाचें, त्याची चौकशी क्वचितच होते. ती विवाह ठरण्यापूर्वींच व्हावी, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १९४६ च्या कायद्यानें हिंदी लोकांस त्या देशांत वर्षाकाठीं अवघ्या १०० जागा मिळाल्या होत्या. १९६५ च्या कायद्यानें ती पद्धत मोडली व कुटुंबाच्या नात्यास महत्त्व आलें. म्हणून पहिला प्रश्न असा, कीं मुलगा तेथील नागरिक आहे, कीं केवळ ग्रीन कार्ड बाळगणारा रहिवासी? नागरिकाच्या पत्नीस संख्येची मर्यादा नाहीं. रहिवाशाच्या पत्नीस मात्र वार्षिक मर्यादेच्या रांगेंत तिष्ठावें लागतें.

'आय-१३०' हा मूळ अर्ज पतीनेंच करावयाचा असतो. पुढें 'आय-८६४' या हमीपत्रानें, सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या सामान्यतः १२५ टक्के तरी आपलें उत्पन्न आहे, असें त्यास दाखवावें लागतें. तें अपुरें पडल्यास दुसरा जामीन चालतो. ही हमी घटस्फोटानेंहि आपोआप सुटत नाहीं, हें मुलीच्या वडिलांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. अमेरिकेंत प्रवेश करतांना विवाहास दोन वर्षें पुरीं झालेलीं नसल्यास नागरिकाच्या पत्नीस मिळणारें कार्ड दोनच वर्षांचें असतें. खोट्या विवाहांस आळा घालण्यासाठीं १९८६ सालीं हा नियम झाला. मुदतीच्या अखेरच्या ९० दिवसांत पतिपत्नींनीं मिळून 'आय-७५१' हा अर्ज करावयाचा असतो. म्हणजे परक्या देशांत मुलीचें राहणें पतीच्या सहीवर अवलंबून राहतें. आणि पती दुष्ट निघाला, तर "सही करीत नाहीं, परत पाठवितों" ही धमकी त्याच्या हातीं येते.

परंतु कायदा इतका निर्दय नाहीं. विवाह प्रामाणिकपणें झाला होता हें दाखवितां आलें, तर घटस्फोट झाल्यावर, किंवा पतीनें छळ केला असल्यास, पत्नीस सहीवांचून एकटीनें अर्ज करतां येतो. त्यासाठीं पुरावा हवा: विवाहनोंदणीचा दाखला, दोघांच्या नांवचें बँकेचें खातें, घरभाड्याचा करार, पत्रें, छायाचित्रें. या कागदांच्या प्रती मुलीनें आपल्यापाशीं ठेवाव्या. एक संच माहेरीं असावा.

असली तयारी म्हणजे जांवयावर अविश्वास, असें कोणी समजूं नये. सज्जन जांवई हे कागद स्वतःहूनच पुढें करील. पाठवणीच्या वेळीं आपण मुलीची ओटी भरतों. तिच्या पेटींत तिच्या हक्कांची माहितीहि घालावी, इतकीच आमची सूचना आहे.