राजदंड आणि रायगडावरील तराजू

राजदंड म्हणजे राजानें हातीं धरावयाची रत्नखचित कांठी, असा समज इंग्रजी इतिहास वाचून आपल्याकडे रूढ झाला आहे. इंग्लंडपुरता तो खराही आहे. 1661 मध्यें दुसऱ्या चार्लसच्या राज्याभिषेकासाठीं घडविलेला सुवर्णदंड 6 मे 2023 रोजीं तिसऱ्या चार्लसच्याही हातीं देण्यांत आला. आपल्या ग्रंथांतील दंड मात्र निराळा. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत तो श्यामवर्ण, रक्तनेत्र असा जणू सजीव पुरुष आहे. तो प्रजेचें रक्षण करतो आणि धर्मापासून ढळलेल्या राजाचाही बांधवांसह नाश करतो. कौटिल्याच्या मतें कठोर दंडानें प्रजा उद्विग्न होते, मृदु दंडानें राजाचा अवमान होतो, यथायोग्य दंड देणारा तेवढा पूज्य ठरतो. म्हणजे दंड ही शासनाची शक्ति. तिचें मोल सोन्यांत नसून मापांत आहे.

हें ध्यानांत ठेवून रायगडावरील राज्याभिषेकाकडे पाहूं. शके 1596, ज्येष्ठ शुद्ध 13, म्हणजे इंग्रजी जुन्या पद्धतीची 6 जून 1674. त्या दिवशीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन दरबारीं हजर होता. प्रथम तो दूर उभा होता. त्याचा दुभाषी नारायण शेणवी यानें नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हां महाराजांची दृष्टि तिकडे गेली व मंडळींस सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत येण्याची आज्ञा झाली. त्यामुळें ही साक्ष जवळून पाहणाऱ्याची आहे. महाराजांच्या हातीं राजदंड असल्याचें तो लिहीत नाहीं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस सोनेरी मुलाम्याच्या भाल्यांवर राजसत्तेचीं चिन्हें होतीं, असें तो सांगतो : उजवीकडे मोठ्या दांतांच्या दोन माशांचीं सोन्याचीं शिरें, डावीकडे अश्वपुच्छें, आणि एका मूल्यवान भाल्याच्या टोकावर समतोल पारड्यांचा सोन्याचा तराजू. तराजू हें न्यायाचें चिन्ह, असा अर्थही तोच देतो.

हीं चिन्हें मुसलमानी रीतीचीं होतीं, हें त्याचें विधान पुष्कळांस खटकतें. तें आम्हांस बरोबर वाटतें. मत्स्य म्हणजे मोगलांचा माहीमरातब; पुच्छांचे तोग आईन-इ-अकबरीनें राजचिन्हांत गणले आहेत; तराजू तर दिल्लीच्या लाल किल्ल्यांत संगमरवरी जाळीवर कोरलेला आजही दिसतो. ज्या राजानें फारसी शब्द काढून संस्कृत शब्द योजण्यास राज्यव्यवहारकोश करविला, त्याच्याच सिंहासनाशेजारीं हीं चिन्हें असावींत, यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. अभिषेक आणि छत्र यांची भाषा शास्त्रीपंडितांस कळे. आदिलशाही-मोगलाई चाकरींत आयुष्य गेलेल्या सरदारांस व परमुलुखींच्या वकिलांस भाल्यांची भाषा कळे. नवा राजा कोणाचा मनसबदार नाहीं, हें दोघांसही पटवावयाचें होतें. बादशहानें कृपावंत होऊन द्यावयाचीं चिन्हें येथें कोणीं दिलेलीं नव्हतीं. तीं महाराजांनीं आपण होऊन उभारलीं होतीं.

त्या तराजूस मनूच्या दंडाचें मूर्त रूप ठरविण्याचा मोह कोणास होईल. त्यास आधार नाहीं. परंतु खालीं शस्त्र आणि वर माप अशी ती मांडणी पाहून, दंडनीति जाणणाऱ्या एखाद्या शास्त्र्यास कौटिल्याचें स्मरण झालें असल्यास नवल नव्हे.