घर, देश आणि सामान्य माणसाचे शस्त्र

कुटुंबावर किंवा देशावर हल्ला झाला, तर एरवी कोणाच्या अंगावर हात न टाकणारा सामान्य माणूस शस्त्र उचलेल का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक शांततेच्या काळात, घरात सुरक्षित बसून देतात. गॅलप इंटरनॅशनल या संस्थेने ६४ देशांत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशासाठी लढण्याची तयारी ६१ टक्के लोकांनी दाखवली होती, तर जपानमध्ये हेच प्रमाण ११ टक्के होते. एवढ्या मोठ्या तफावतीवरून एक लोकसमूह शूर आणि दुसरा भ्याड ठरवता येत नाही. युद्धाचा अनुभव, राज्यसंस्थेवरील विश्वास आणि शाळेपासून मिळालेली शिकवण यांचा ठसा अशा उत्तरांवर उमटलेला असतो, आणि दिलेले उत्तर प्रत्यक्ष प्रसंगी किती टिकते हे पाहणीतून समजत नाही. त्यासाठी माणसे प्रसंगात सापडली तेव्हा कशी वागली, हे इतिहासात पाहावे लागते. इंदूर जिल्ह्यातील हातोद आणि त्याच्या आसपासचा माळवा, म्हणजे होळकरांच्या राज्याचा मुलूख, या दृष्टीने फार बोलका आहे.

महिदपूर : कोण थांबले, कोण निघून गेले

२१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम यांच्या इंग्रज फौजेशी होळकरांची लढाई झाली. गादीवर अल्पवयीन मल्हारराव होते आणि कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा आदल्याच दिवशी वध झाला होता, म्हणजे ज्या राज्यासाठी लढायचे त्याचे नेतृत्व लढाईपूर्वीच कोसळलेले होते. त्या दिवशी घोडदळाचा मोठा भाग रणांगण सोडून गेला, पण गोलंदाज मात्र शत्रू अंगावर येईपर्यंत तोफांपाशी उभे राहिले, आणि त्यांच्या या चिवटपणाची नोंद विजेत्यांनीही घेतली. पुढे ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौर तहाने होळकरांचे स्वातंत्र्य संपले.

घोडेस्वार आणि गोलंदाज एकाच राज्याचे, एकाच पगाराची वाट पाहणारे शिपाई होते, त्यामुळे त्यांच्या वागण्यातील फरक देशप्रेमाच्या कमीअधिक मात्रेने पुरता उलगडत नाही. तोफ एकट्याने चालत नाही. दारू भरणारा, नेम धरणारा आणि बत्ती देणारा असा तो एक गटच असतो, त्यातील प्रत्येकावर इतरांची नजर असते आणि एकाने हात आखडला तर सगळ्यांचे काम थांबते. अमेरिकी लष्करी लेखक एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील पायदळाविषयी असे प्रतिपादन केले की शत्रूसमोर उभ्या असलेल्या बंदूकधाऱ्यांपैकी बहुतेकांनी गोळी झाडलीच नाही, मात्र अनेकांनी मिळून चालवायची शस्त्रे सहसा गप्प राहिली नाहीत. त्यांनी दिलेल्या टक्केवारीवर पुढच्या अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. तरीही हिंसा करणे माणसाला सोपे जात नाही आणि सोबत्यांमुळे तो अडसर ओलांडला जातो, हे निरीक्षण इतर अभ्यासांतही आढळते. समाजशास्त्रज्ञ रँडल कॉलिन्स यांनी २००८ मधील ग्रंथात समोरासमोरच्या संघर्षात माणसाच्या मनावर येणाऱ्या ताणाचे आणि भीतीचे विवेचन केले आहे. त्यांच्या मते रागावलेली माणसेसुद्धा बहुतेक वेळा शिवीगाळीपाशीच थांबतात, आणि जे पुढे जातात त्यांना गटाचा आधार, प्रशिक्षण किंवा दुबळा प्रतिपक्ष यांपैकी काहीतरी मिळालेले असते.

१ जुलै १८५७ : इंदूरची सकाळ

याच मुलखात चाळीस वर्षांनी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीच्या रूपात उभा राहिला. १ जुलै १८५७ च्या सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे ब्रिटिश राजप्रतिनिधीच्या निवासस्थानावर आणि कचेरीवर, तिच्याच रक्षणासाठी ठेवलेल्या होळकरांच्या तोफांचा मारा सुरू झाला. सादत खान हे या उठावाचे पुढारी होते. रेसिडेन्सीचे प्रमुख कर्नल ड्युरंड यांच्या हाताखालील भिल्ल पलटणीने आणि भोपाळच्या शिपायांनी लढायला नकार दिल्याने त्यांना रेसिडेन्सी सोडून जावे लागले, आणि त्याच रात्री महूच्या छावणीतही बंड झाले.

परकी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणारे एका बाजूला होते आणि त्या सत्तेसाठी शस्त्र चालवण्यास तयार नसलेले दुसऱ्या बाजूला, त्यामुळे उठावाइतकाच हा नकारही त्या दिवसाचा निकाल ठरवणारा होता. परंतु त्याच सकाळी मारल्या गेलेल्यांत लढाईशी संबंध नसलेली माणसे, बायका आणि मुलेही होती. देशाच्या रक्षणासाठी उचललेले शस्त्र कोणावर पडावे याची मर्यादा ज्या क्षणी कोणाच्याच हाती राहत नाही, त्या क्षणी रक्षण आणि सूड यांतील रेघ पुसली जाते. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी वाड्यात आश्रय घेतलेल्या ख्रिस्ती लोकांना बंडवाल्यांच्या स्वाधीन करण्यास स्वतः त्यांच्यासमोर जाऊन नकार दिला, ही घटना म्हणूनच त्या दिवसांच्या इतिहासात महत्त्वाची आहे. त्यानंतर सत्तेनेही सूड घेतला. अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरमध्ये फाशी देण्यात आली, तर सादत खान पकडले जाऊन १८७४ मध्ये फासावर गेले.

जवळचे घर, दूरचे युद्ध

कुटुंबाचे रक्षण आणि देशाचे रक्षण ही एकाच भावनेची लहान-मोठी रूपे आहेत असे गृहीत धरले जाते, पण सामान्य माणूस या दोहोंत फरक करतो. १९१८ च्या मार्चअखेरीस हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवण्यासाठी इंदूरला आलेले महात्मा गांधी त्यानंतर काही महिन्यांतच खेडा जिल्ह्यात पहिल्या महायुद्धासाठी सैनिकभरती करत फिरत होते. ज्या शेतकऱ्यांनी शेतसाऱ्याच्या सत्याग्रहात त्यांना आनंदाने गाड्या दिल्या होत्या, तेच आता भाड्यानेही गाडी देईनात, असे गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे. या शेतकऱ्यांना भित्रे म्हणता येणार नाही, कारण जमीन जप्त होण्याचा धोका त्यांनी नुकताच पत्करला होता. ज्या युद्धाचा आपल्या शेताशी आणि घराशी संबंध त्यांना दिसत नव्हता, त्यात जीव देण्याघेण्यास ते तयार नव्हते. त्याच गांधींनी १९२० मध्ये असे लिहिले की भ्याडपणा आणि हिंसा एवढे दोनच पर्याय उरले, तर आपण हिंसेचा सल्ला देऊ, आणि तरीही अहिंसा हिंसेपेक्षा कितीतरी श्रेष्ठ आहे. अहिंसेचा पुरस्कर्ताही आप्तांच्या रक्षणाचे कर्तव्य नाकारत नव्हता, एवढे यातून स्पष्ट होते.

घर आणि देश यांतील अंतर जिथे मिटले, तिथे सामान्य माणसे मोठ्या संख्येने उभी राहिली. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात चाललेल्या प्रतिसरकारचे बळ हेच होते. गावगुंड, सावकार आणि इंग्रज सरकार हे तिन्ही एकाच साखळीचे दुवे आहेत असे शेतकऱ्याला दिसत होते. जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकाराने कुंडल येथे उभ्या राहिलेल्या तुफान सेनेने तरुणांना शिस्त आणि शस्त्रशिक्षण दिले, न्यायदान मंडळांनी गावातले तंटे सोडवले, आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून लुटण्यात आली. देहदंडाच्या आणि मारहाणीच्या काही शिक्षांवर तेव्हाही वाद झाला. मात्र सामान्य माणसाचा राग संघटनेच्या ताब्यात राहिला, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे टिकू शकला.

सोबतीची काळी बाजू

गट माणसाला धीर देतो हे खरे असले, तरी तोच गट त्याची सदसद्विवेकबुद्धी गप्पही करतो. इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये जर्मनीच्या राखीव पोलीस तुकडी क्रमांक १०१ चा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या तुकडीतील बहुतेक माणसे हाम्बुर्ग शहरातील मध्यमवयीन, कुटुंबवत्सल आणि साध्या व्यवसायांतील होती. जुलै १९४२ मध्ये पोलंडमधील युझेफूफ गावातील सुमारे १५०० ज्यूंना ठार मारण्याचा आदेश देताना त्यांच्या प्रमुखाने, ज्याला हे जमणार नाही त्याने बाजूला व्हावे, अशी मुभा दिली होती, तेव्हा सुमारे पाचशे जणांतून डझनभरच पुढे आले. बाकीच्यांपैकी अनेकांना हे काम नकोसे वाटत होते, परंतु सोबत्यांच्या नजरेतून उतरणे त्यांना त्याहून नकोसे होते. महिदपूरच्या गोलंदाजांना ज्या बंधनाने तोफेपाशी धरून ठेवले, त्याच जातीचे बंधन इथे निरपराधांच्या हत्येला कारण झाले.

कायद्याची रेघ

भारतीय कायदा सामान्य माणसाकडून मुकाट्याने मार खाण्याची अपेक्षा करत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ यांत खासगी संरक्षणाचा हक्क, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करताना केलेले कृत्य गुन्हा न ठरण्याची तरतूद आहे, आणि मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण अशा हल्ल्यांची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंह खटल्यात या हक्काची तत्त्वे सविस्तर मांडली असून, संकटात सापडलेल्या माणसाचा प्रत्येक वार सोनाराच्या काट्याने तोलता येत नाही अशीच न्यायालयांची भूमिका राहिली आहे. मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल तर हा हक्क मिळत नाही.

ही दुसरी अट एका गोष्टीवर उभी आहे : पोलीस खरोखर मदतीला येतील, हे कायद्याने गृहीत धरले आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपुरातील कस्तुरबा नगरातल्या महिलांनी, अनेक वर्षे वस्तीवर अत्याचार करणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला न्यायालयाच्या आवारातच ठार केले. तक्रारी करूनही पोलिसांनी संरक्षण दिले नाही, असा त्यांचा आरोप होता. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची मुक्तता झाली. कोठडीतील माणसाची हत्या कायद्याच्या अर्थाने स्वसंरक्षण ठरत नाही. परंतु त्या बायकांना या टोकाला नेणारी परिस्थिती निर्माण होऊ देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेला झटकता येत नाही.

समाजाची जबाबदारी

हातोदच्याच परिसरातील गौतमपुरा येथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीचा कलगी हे दोन संघ एकमेकांवर हिंगोट, म्हणजे हिंगणबेटाचे फळ पोखरून त्यात दारू भरलेले आणि बांबूची काडी जोडलेले अस्त्र, पेटवून फेकतात. मोगलांच्या स्वाऱ्यांपासून मुलखाचे रक्षण करणाऱ्यांच्या सरावातून ही प्रथा आली असे लोकपरंपरा सांगते. दरवर्षी माणसे भाजतात, २०१७ मध्ये एका तरुणाचा मृत्यू झाला, आणि प्रथा बंद करावी अशी मागणी न्यायालयापर्यंत गेली आहे. एका जिवाची किंमत कोणत्याही परंपरेहून मोठी आहे. तरीही या प्रथेतून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : दिवस, मैदान, पक्ष आणि शेवट ठरवून दिले की शेतात राबणारी आणि दुकानात बसणारी माणसे आगीसमोर उभी राहतात आणि वेळ संपताच घरी परततात.

सामान्य माणूस आप्तांसाठी आणि देशासाठी हिंसा करील का, याचे उत्तर म्हणूनच होकारार्थी आहे, पण तो होकार त्याच्या एकट्याच्या काळजातून येत नाही. सोबती, संघटना आणि आपले घर त्या लढ्यात आहे ही खात्री यांतून तो घडतो. माणसाला लढायला उभे करणे समाजाला फारसे अवघड नाही, हे महिदपूर, सातारा आणि युझेफूफ या तिन्ही ठिकाणी दिसले. अवघड आहे ते त्याचा हात योग्य ठिकाणी थांबवणे. त्यासाठी निरपराधाच्या पाठीशी उभे राहणारे नेतृत्व, वेळेवर पोहोचणारे पोलीस, विश्वासार्ह न्यायालय आणि गटाच्या विरोधात एकट्याने ‘नाही’ म्हणणाऱ्याचा सन्मान या चार गोष्टी शांततेच्या काळातच उभ्या कराव्या लागतात, कारण शस्त्रे निघाल्यानंतर त्या उभ्या करायला सवड मिळत नाही. कुटुंबासाठी जीव देण्याच्या तयारीचे कौतुक करणाऱ्या समाजाने या चार गोष्टींचीही तितक्याच आग्रहाने मागणी केली पाहिजे.