नंदादेवीची जुळी शिखरे

गढवाल व कुमाऊँ यांच्या सीमेवर नंदादेवीची दोन शिखरे उभी आहेत. मुख्य शिखराची उंची ७,८१६ मीटर, तर पूर्व शिखराची ७,४३४ मीटर असून सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या अरुंद धारेने ती परस्परांस जोडलेली आहेत. त्यांच्याभोवती हिमशिखरांचा तट आहे. पश्चिमेस ऋषिगंगेने कोरलेली खोल घळ हीच काय ती त्यातील फट होय. या घळीतून १९३४ साली शिप्टन व टिलमन आतील खोऱ्यात पोचले. पुढे १९३६ साली टिलमन व ओडेल यांनी मुख्य शिखर, तर १९३९ साली पोलिश पथकाने पूर्व शिखर सर केले.

१९७४ नंतर मोहिमांची वर्दळ वाढली. जळणासाठी झुडपे तोडली गेली, कचरा साचला. म्हणून १९८२ साली येथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि पुढील वर्षी आतील खोरे गिर्यारोहकांना व मेंढपाळांना बंद करण्यात आले. १९९३ साली तेथे गेलेल्या पाहणी पथकास वनस्पती पुन्हा वाढीस लागल्याचे आढळले.

या बंदीची किंमत मात्र लाता, रैणी यांसारख्या गावांना मोजावी लागली. त्यांची कुरणे गेली, हमालीची मिळकतही बुडाली. १९७४ साली रैणीच्याच स्त्रियांनी ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपासून जंगल वाचविले होते. शिखरांचे रक्षण आणि पायथ्याच्या माणसांची उपजीविका यांचा मेळ घालणे, हाच येथील खरा प्रश्न होय.