बोडकं झाड मेलेलं नसतं

भूगोलाच्या तासाला आम्ही सूचिपर्णी वनांचा धडा शिकवत होतो. फळ्यावर स्प्रूसचं चित्र काढलं, खाली पसरट आणि वर टोकदार. नकाशावर कॅनडा, स्वीडन, फिनलंड, रशिया असा उत्तरेचा पट्टा दाखवला आणि सांगितलं, की तिथे हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो, तरी हे झाड हिरवंगार राहतं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मग आपल्या गौताळ्यातली झाडं मार्चमध्ये वाळून का जातात? आपल्याकडे तर बर्फही पडत नाही."

"तिथे थंडी, इथे ऊन," असं सांगून आम्ही वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. खरं उत्तर असं आहे, की दोन्हीकडच्या झाडांची अडचण एकच आहे. ती म्हणजे तहान.

बर्फाच्या देशात पाण्याचा दुष्काळ कसा? जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही. डोळ्यांसमोर पाणीच पाणी, पण सगळं दगड झालेलं. अशा वेळी रुंद पानं असतील तर त्यांतून वाफ निघून जाईल आणि झाड सुकेल. म्हणून स्प्रूसचं पान सुईसारखं बारीक असतं आणि त्यावर मेणाचा थर असतो. थंडी वाढू लागली की पेशींमधलं पाणी बाहेर सरकतं आणि आत साखरेचं प्रमाण वाढतं, त्यामुळे पेशी आतून गोठून फुटत नाहीत. खाली उतरत्या फांद्यांवरून बर्फ घसरून पडतो.

मग हे झाड पानं गाळूनच का टाकत नाही? कारण तिथला उन्हाळा जेमतेम तीन-चार महिन्यांचा आणि जमीन निकस. दरवर्षी नवी पानं करायला ना वेळ, ना खत. म्हणून स्प्रूस एकच सुई कित्येक वर्षं वापरतं. गरीब घरात एक शेरवानी तीन भावांच्या निकाहाला चालते, तसंच हे.

आता आपल्या मुलखात या. कन्नड आणि चाळीसगाव यांच्या मधल्या डोंगरांत गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते १९८६ मध्ये जाहीर झालं. इथलं जंगल शुष्क पानझडी. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर, पुढे आठ महिने कोरडे. मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या उन्हात पान टिकवायचं तर पाणी लागणार, आणि ते जमिनीत नाही. म्हणून इथली झाडं पानच सोडून देतात. पावसाळ्यात ऊब आणि ओल दोन्ही मिळतात, तेव्हा नवं पान झटपट येतं. स्प्रूसला पान राखणं परवडतं, आपल्या झाडांना पान सोडणं परवडतं.

या जंगलातली सालई मुद्दाम पाहण्यासारखी आहे. खडकाळ उतारावर, जिथे दुसरं झाड तग धरत नाही, तिथे ती उभी राहते. तिची साल कागदासारखी पापुद्र्यांनी निघते. एकही पान नसताना ती फुलते. साल चिरली की डिंक पाझरतो. युनानी हकीम त्याला कुंदुर म्हणतात आणि सांधेदुखीवर देतात. अरबांचा जुना लुबान ज्या झाडाचा, ते ओमानकडचं झाड आणि आपली सालई एकाच कुळातले. जुमेरातीला धुनीचा वास घरात दरवळतो तेव्हा तो कुठल्या तरी झाडाच्या जखमेतून आलेला असतो, हे आपण विसरतो.

डिंक हे झाडाचं औषध आहे. स्प्रूसचंही तसंच. सालीत भुंगेरा शिरू लागला की स्प्रूस चिकट राळ सोडून त्याला बुडवतं. पण झाड तहानलेलं असेल तर राळ कमी पडते. १९९० च्या दशकात अलास्कात भुंगेऱ्यांनी लाखो एकर स्प्रूस मारलं आणि २०१८ च्या दुष्काळानंतर जर्मनी, चेकियातही तसंच घडलं. सालईला वर्षानुवर्षं खोल चिरा दिल्या तर तीही अशीच खचते. तिचं बी कमी रुजतं आणि रोपटं कित्येक उन्हाळे वरून जळून पुन्हा मुळातून फुटतं. गवताला लावलेला वणवा आणि गुरांची चराई यांत ते कोवळं रोप टिकत नाही.

या दोन झाडांचं आणखी एक नातं आहे. उत्तरेकडे स्प्रूसच्या लगद्यापासून वर्तमानपत्राचा कागद होतो. बुऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरला देशातला पहिला असा कारखाना उभा राहिला, १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. तिथे बांबूबरोबर सालईचं लाकूडही वापरलं जाई. आपल्या वाडवडिलांनी वाचलेल्या कितीतरी अंकांत ती होती.

आता आमची चूक सांगतो. शाळेच्या आवारात एक शिरीष आहे. एका मार्चमध्ये तो पार बोडका झाला, वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. मेला असं समजून आम्हीच माणूस बोलावला. पहिली जाड फांदी पडली आणि कापलेली जागा ओली, हिरवट दिसली. काम तिथेच थांबवलं. महिन्याभरात उरलेल्या फांद्यांना पालवी फुटली. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तीही आम्ही घेतली नव्हती. मुलांसमोर हे कबूल करताना मान खाली गेली.

म्हणून घरोघरच्या आई-वडिलांना एवढीच विनंती. अंगणातलं झाड उन्हाळ्यात वाळलेलं दिसलं तर एखाद्या बारीक काडीची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर कुऱ्हाड ठेवून द्या आणि पावसाची वाट पाहा. अल्लाहने त्या झाडाला तहानेचे दिवस काढायचा मार्ग दिलेला आहे. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी पूर्ण उत्तर दिलं, आणि सगळ्या वर्गाला घेऊन त्या शिरीषाखाली गेलो.